पाचटापासून इथेनॉल : ‘हिरव्या द्रावकां’ची पूर्वप्रक्रिया आणि तिचा हिशेब



पाचट म्हणजे फडातली अडचण, काडी लावली की रान मोकळे, ही समजूत आपल्यातून अजून पुरती गेलेली नाही. दुसरीकडे याच पाचटापासून आणि चिपाडापासून मोटारीत घालायचे इथेनॉल करता येते, हेही आता कोणाला नवीन राहिलेले नाही. त्यामुळे गटसभेत हमखास प्रश्न येतो, “साहेब, पाचट रानात ठेवायचं का विकायचं?” विकायचे म्हटले तर भाव किती मिळेल, हा त्याच्या मागचा प्रश्न. भाव कोणी काही सांगो, तो ठरतो कारखान्यातल्या एका टप्प्यावर. त्या टप्प्याला ‘पूर्वप्रक्रिया’ म्हणतात. आणि या पूर्वप्रक्रियेत आता ‘हिरवी द्रावके’ वापरा असे शास्त्रज्ञ सांगू लागले आहेत. ही काय भानगड आहे ते या लेखात जरा सावकाश समजून घेऊ. उद्या असा एखादा प्रकल्प सर्वसाधारण सभेपुढे आला तर हात वर करण्यापूर्वी काय विचारायचे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

मळीपासून अल्कोहोल करणे सोपे. मळीत साखर असते, तिच्यात पाणी घालायचे, यीस्ट सोडायचे, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करते. रसापासून केले तर आणखी सोपे. पण पाचटावर यीस्ट सोडले तर महिनाभर वाट पाहा, थेंब मिळायचा नाही. कारण पाचटात साखर आहे, पण ती कुलूपबंद आहे.

वाळलेल्या चिपाडात किंवा पाचटात ढोबळ मानाने शेकडा ४० ते ४५ भाग सेल्युलोज, २५ ते ३० भाग हेमीसेल्युलोज आणि २० ते २५ भाग लिग्निन असते. उरलेली राख, मेण वगैरे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेचेच कण एकामागे एक गुंफलेली लांब साखळी. हेमीसेल्युलोजही साखरेचेच, पण त्यात झायलोज नावाची वेगळी साखर जास्त. लिग्निनमध्ये साखर अजिबात नाही. झाडाला ताठपणा देणारा तो डिंकासारखा पदार्थ.

ज्यांनी जुने कुडाचे घर पाहिले आहे त्यांना हे चटकन कळेल. कुडाच्या भिंतीत उभ्या काठ्या असतात, त्या सुंभाने आडव्या-तिडव्या बांधलेल्या असतात आणि वरून शेणमातीचे लिंपण असते. काठ्या म्हणजे सेल्युलोज, सुंभ म्हणजे हेमीसेल्युलोज आणि लिंपण म्हणजे लिग्निन. काठी हवी असेल तर आधी लिंपण पाडावे लागते आणि सुंभ सोडावा लागतो. हे काम म्हणजेच पूर्वप्रक्रिया. फरक एवढाच की ऊस लाखो वर्षे पाऊस, कीड आणि बुरशी यांच्याशी झगडत आला आहे. त्याचे लिंपण असे सहज पडत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांनी ही पूर्वप्रक्रिया घरी केलेलीही असेल. शंभर किलो भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड, चार किलो युरिया पाण्यात विरघळवून त्यावर शिंपडायचा, थर दाबायचे, कागदाने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचे. उघडल्यावर पेंढा पिवळा-तपकिरी आणि मऊ झालेला असतो, जनावर आवडीने खाते. त्यात होते काय, तर युरियापासून अमोनिया सुटतो आणि तो लिग्निनचे बंध सैल करतो. मग गाईच्या पोटातले जंतू आतल्या सेल्युलोजपर्यंत पोचतात. गाय ही इथेनॉलच्या कारखान्याची थोरली बहीणच म्हणा ना! तिच्या पोटात साखळी तोडणारे जंतू फुकट काम करतात. कारखान्याला मात्र त्या कामासाठी एन्झाइम विकत घ्यावे लागते.

हे एन्झाइम आपल्या ओळखीच्या ट्रायकोडर्माच्या भाऊबंदांकडून मिळते. आपण आले-हळदीला मूळकूज येऊ नये म्हणून जो ट्रायकोडर्मा सोडतो, त्याच कुळातली ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू आणि सुती कपडे भराभर कुजू लागले, तेव्हा शोध घेताना ही बुरशी सापडली. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, तो ही बुरशी खात होती. सैन्याला जो शत्रू वाटला तोच पुढे उद्योगाच्या उपयोगी पडला. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नाव पडले.

पण बुरशीचे एन्झाइम काय किंवा गाईच्या पोटातले काय, लिंपण असेल तर दोघेही हतबल. उलट लिग्निन एन्झाइमला चिकटून त्याला निकामी करते. म्हणजे लिंपण नीट निघाले नाही तर एन्झाइम जास्त लागते, आणि एन्झाइम ही या धंद्यातली महागडी बाब. पूर्वप्रक्रिया चांगली झाली तर पुढचे सगळे स्वस्त, ती बिघडली तर पुढचे सगळे महाग. गव्हाणीत आलेला ऊस शिळा असला की पुढे कितीही चांगले पॅनमन ठेवा, उतारा यायचा नाही, तसलाच हा प्रकार.

जुन्या वाटा

आजवर मोठ्या प्रमाणावर वापरलेली रीत म्हणजे वाफ आणि आम्ल. पाचट सौम्य गंधकाम्लात भिजवायचे, दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत दाबाखाली वाफेने शिजवायचे, कधी एकदम दाब सोडून त्याच्या चिंध्या करायच्या. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा जो प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला, तो याच घराण्यातला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्रज कंपनीचे. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. भागाकार करून पाहा : टनाला १५० लिटर पडते. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अरविंद लाली यांच्या गटाने आपली वेगळी पद्धत बसवली आणि तिचा दिवसाला दहा टन अवशेषांचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ साली उत्तराखंडात काशीपूर येथे उभा राहिला. म्हणजे या विद्येत महाराष्ट्राचा हात बराच आहे, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

आम्ल-वाफेच्या वाटेत खोडी आहेत. उष्णता जास्त झाली की सुटलेली साखरच करपते आणि तिच्यापासून फरफ्युरल तयार होते. हे यीस्टला विष. गुळाच्या कढईत काहिली जरा जास्त तापली की चव कडवट होते ना, तसे. दुसरे, आम्ल यंत्र खाते, म्हणून भारी पोलाद लागते. तिसरे, शेवटी आम्ल मारण्यासाठी चुना घालावा लागतो, त्याचा जिप्सम होतो, तो कुठे टाकायचा हा प्रश्न. आणि चौथे म्हणजे लिग्निन पूर्ण जात नाही, ते वितळून पुन्हा काडीवर थेंबाथेंबाने बसते.

सोड्याने, म्हणजे कॉस्टिकने, लिग्निन छान निघते. कागद कारखाने वर्षानुवर्षे तेच करतात. पण सोडा परत मिळवायला वेगळी भट्टी लागते, आणि सांडपाणी नदीत गेले की काय होते हे कागद कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना विचारावे.

‘हिरवे’ म्हणजे काय?

द्रावक म्हणजे विरघळवणारा पदार्थ. पाणी हे साखरेचे द्रावक, रॉकेल हे ग्रीसचे. लिग्निन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला वेगळे द्रावक शोधायचे. ते हवेत उडून फुप्फुसात जाणारे नसावे, जमिनीत गेले तर कुजावे, शक्य तर वनस्पतीपासूनच मिळावे आणि मुख्य म्हणजे एकदा वापरून फेकायचे नसावे, पुन्हा पुन्हा वापरता यावे. असे द्रावक ‘हिरवे’. रंगाने ते हिरवे नसते, हे सांगायला नकोच.

यातले सगळ्यात जुने आणि आपल्या अगदी घरचे द्रावक म्हणजे खुद्द अल्कोहोल. थिओडोर क्लाइनर्ट याने १९३०च्या सुमारास दाखवून दिले की अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात लाकूड दाबाखाली शिजवले तर लिग्निन विरघळते आणि सेल्युलोजचा लगदा मागे राहतो. नंतर त्या द्रवात पाणी वाढवले की लिग्निन गाळासारखे खाली बसते, आणि अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळते. आसवनी असलेल्या कारखान्याला यातले अर्धे काम रोजचेच आहे : कॉलम आहे, कामगार जाणते आहेत, मालही स्वतःचाच. फक्त अल्कोहोल १८०-२०० अंशांवर दाबाखाली ठेवायचे म्हणजे आगीशी खेळ. त्यामुळे भांडी मजबूत आणि शिस्त कडक लागते. शिवाय प्रत्येक लिटरचा उत्पादन शुल्क खात्याला हिशेब द्यायचा, तो वेगळाच.

ब्राझीलमध्ये देदिनी या साखर-यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने हीच कल्पना चिपाडावर वापरली. अल्कोहोल, पाणी आणि थोडे गंधकाम्ल, की लिग्निनही विरघळावे आणि सेल्युलोजची साखरही तिथल्या तिथे व्हावी, एन्झाइमची गरजच नको. साओ पावलो राज्यात एका साखर कारखान्याशेजारी दिवसाला ५,००० लिटरचा अर्ध-औद्योगिक प्रकल्प त्यांनी चालवला. तो मोठ्या व्यापारी प्रमाणावर मात्र गेला नाही. ऊस आणि साखर यात मुरलेल्या कंपनीचे हे उदाहरण आपण विसरू नये. प्रयोगशाळेतून प्रात्यक्षिकापर्यंतची वाट चढाची असते, पण प्रात्यक्षिकापासून व्यापारापर्यंतचा घाट त्याहून अवघड.

दुसरा प्रकार ‘आयनिक द्रव’. आपले खायचे मीठ वितळवायचे तर ८०१ अंश तापमान लागते. पण काही क्षार असे बनवता येतात की ते शंभर अंशांच्या आतच, काही तर नेहमीच्या हवेतही, द्रवरूप असतात. ते उडून जात नाहीत, सहसा पेटत नाहीत आणि त्यांतले काही तर सेल्युलोजसुद्धा विरघळवतात, जे पाण्याला किंवा अल्कोहोलला जमत नाही. २००२ साली अमेरिकेत रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी हे दाखवल्यावर जगभर त्यावर काम सुरू झाले. गुण पुष्कळ, पण किंमत सोसवत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गंधकाम्ल आणि एका साध्या अमाइनपासून स्वस्त आयनिक द्रव करण्याचे काम चालले आहे, त्याकडे लक्ष ठेवण्यासारखे आहे. सर्वच आयनिक द्रव ‘हिरवे’ असतात असे मात्र नाही. काही पाण्यातल्या जिवांना घातक आहेत.

तिसरा प्रकार सांगताना मला मौज वाटते, कारण तो आपल्या आजीच्या बटव्यात होता. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तिन्ही कोरडे खडे. तिन्ही एका बाटलीत घालून ठेवले की थोड्या वेळात आपोआप पाणी होते. तीच अमृतधारा. पाण्याचा थेंब न घालता खडे पातळ का होतात? कारण एकाचे कण दुसऱ्याच्या कणांना धरून ठेवतात आणि कोणालाच आपल्या रांगेत घट्ट बसता येत नाही. त्यामुळे मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात मीठ घातल्यावर शून्याखाली जाऊनही पाणी गोठत नाही, तेही याच जातीचे. २००३ साली इंग्लंडात लेस्टर विद्यापीठातील अॅबट आणि सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड आणि युरिया यांचे असे मिश्रण जगापुढे मांडले. कोलीन क्लोराइड एकटे सुमारे ३०० अंशांवर वितळते, युरिया १३३ अंशांवर. दोन्ही एकास दोन प्रमाणात मिसळले तर १२ अंशांवरच द्रव! अशा मिश्रणांना इंग्रजीत ‘डीप युटेक्टिक सॉल्व्हंट’ म्हणतात. आपण ‘अमृतधारा-द्रावक’ म्हटले तरी चालेल.

लिग्निन काढायला यातले कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल हे जोडपे चांगले निघाले आहे. कोलीन क्लोराइड म्हणजे पोल्ट्रीवाल्यांच्या खाद्यात घालतात ते. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याच्या आंबटपणाचे. आणि कारखान्यात ते साखरेवरच जिवाणू वाढवून करतात, म्हणजे तेही उसाचे नातवंडच. या द्रावकात पाचटाचा भुगा सुमारे ८० ते १५० अंशांत काही तास ठेवला की लिग्निन आणि बरेचसे हेमीसेल्युलोज द्रवात उतरते, सेल्युलोज पांढरट लगद्यासारखे मागे राहते. दाब फारसा लागत नाही, भांडी साधी चालतात, आग लागण्याची भीती कमी. लिग्निनही न करपता, बऱ्या अवस्थेत हाती येते. त्याला पुढे गोंद, रेझिन वगैरे उद्योगांत चांगली मागणी येईल असे म्हणतात. आज तरी बॉयलरमध्ये जाळण्याची त्याची किंमत धरावी आणि पुढचे पुढे पाहावे.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगितली पाहिजे. कोलीन क्लोराइड हे कोंबडी खाते म्हणून ‘नैसर्गिक’ असे समजण्यात अर्थ नाही. ते मोठ्या प्रमाणावर तयार होते ते खनिज तेलापासूनच्या रसायनांतून. म्हणजे हे द्रावक पुरते हिरवे नाही, हिरव्याकडे झुकलेले आहे.

याशिवाय गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन नावाचे, खुद्द वनस्पतीच्या साखरेपासून करता येणारे द्रावक २०१४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी पुढे आणले. त्याची वाटचाल अजून पुष्कळ बाकी आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

आता हिशेब

हा भाग सभासदांनी पेन्सिल घेऊन वाचावा.

एक टन पूर्ण कोरडे पाचट घ्या. त्यात ४०० किलो सेल्युलोज धरू. त्याचे पाणी शोषून ४४४ किलो ग्लुकोज होते, आणि शास्त्राच्या नियमाने त्यातून जास्तीत जास्त २२७ किलो म्हणजे सुमारे २८७ लिटर अल्कोहोल मिळू शकते. यापुढे ब्रह्मदेव आला तरी सेल्युलोजपासून थेंबभर जास्त नाही. हेमीसेल्युलोजचीही साखर वापरली तर आणखी भर पडते, पण झायलोज साधे यीस्ट खात नाही, त्यासाठी खास यीस्ट लागते. एकूण काय, प्रत्यक्षात टनाला २०० लिटर पदरात पडले तर काम बरे झाले म्हणावे. कोणी चारशे-पाचशे लिटरच्या गोष्टी सांगू लागला तर त्याला हीच बेरीज मांडून दाखवायला सांगावे.

इथेनॉलचा भाव : २०२४-२५ हंगामात तेल कंपन्यांनी सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे आणि रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे दिले. आपण ढोबळ ६० रुपये धरू. म्हणजे एक टन कोरड्या पाचटातून २०० लिटरचे १२,००० रुपये. यातूनच पाचटाची किंमत, गोळा करण्याची मजुरी, वाहतूक, एन्झाइम, वाफ, वीज, कर्जाचा हप्ता, सगळे भागवायचे आहे.

आता द्रावक. प्रयोगशाळेत एक भाग पाचटाला दहा भाग द्रावक घेणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे एका टनाला दहा टन, १०,००० किलो. ते परत मिळते हे खरे. पण किती मिळते? शंभरातले ९९ मिळाले असे सांगितले तर ऐकायला किती छान वाटते! पण एक टक्का बुडाला म्हणजे १०० किलो बुडाले. द्रावकाचा भाव हिशेबापुरता किलोला १०० रुपये धरला तर १०,००० रुपये गेले. बारा हजारांच्या मालात दहा हजारांचे द्रावक बुडाले, उरले काय? हाच तोटा हजारात एक इतका खाली आणला तर १,००० रुपये. म्हणजे सगळा खेळ ९९ आणि ९९.९ यांच्यामधला आहे. चिपाडातून जाणारी साखर एक-दोन टक्क्यांची, पण तिच्यावर आपल्या मिलची इज्जत ठरते. त्यातलाच हा प्रकार, फक्त दसपट कडक.

अल्कोहोलच्या वाटेचाही असाच हिशेब करून पाहू. एका टनाला सात टन द्रव, त्यात वजनाने निम्मे अल्कोहोल, म्हणजे साडेतीन टन किंवा सुमारे ४,४०० लिटर. एक टक्का उडाले, गळले, लगद्यात अडकले तर ४४ लिटर गेले. पाच टक्के गेले तर २२० लिटर, म्हणजे तयार होणाऱ्या मालापेक्षा जास्त! कारखाना अल्कोहोल करतो आहे का पितो आहे, असा प्रश्न पडायचा.

आणखी एक जागा आहे जिथे पैसा मुरतो. शिजलेला लगदा द्रावकाने चिंब असतो. तो पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर द्रावक लगद्याबरोबर जाते आणि एन्झाइमचेही काम बिघडवते. धुतले की द्रावक पातळ होते. मग ते पाणी उडवून पुन्हा घट्ट करायचे. पाणी उडवायला वाफ लागते, वाफेला बगॅस लागते. रस आटवण्यासाठी आपल्याकडे इव्हॅपोरेटरच्या चार-पाच बॉडी एकापुढे एक असतात, कारण एकाच भांड्यात आटवणे परवडत नाही, हे कारखान्यात फिरून आलेल्या प्रत्येक सभासदाला माहीत आहे. इथेही तीच विद्या लागते. या कामात साखर कारखान्याची माणसे रसायन कारखान्याच्या माणसांपेक्षा पुढे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी कमीत कमी वापरून धुणे आणि कमी वाफेत आटवणे हे आपण तीन पिढ्या करत आलो आहोत.

अमृतधारा-द्रावकाला वयही असते. पुन्हा पुन्हा तापवले की लॅक्टिक आम्ल आणि कोलीन यांची आपसात सोयरीक होऊन नवेच संयुग बनते, आणि द्रावकाचा जोर कमी होतो. त्यात पाचटाची राख आणि क्षार साचत जातात ते निराळेच. शास्त्रीय नियतकालिकांत चार-पाच वेळा द्रावक फिरवून पाहिल्याचे प्रयोग छापून येतात. पण वरचा ९९ टक्क्यांचा हिशेब धरला तर प्रत्येक किलो द्रावकाने सरासरी शंभर फेऱ्या मारायला हव्यात, आणि ९९.९चा धरला तर हजार. तेव्हा प्रकल्प घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच : “तुमचे द्रावक किती फेऱ्या चालले, आणि ते कुठे पाहायला मिळेल?”

द्रावकाच्या वाटेने मोठा प्रकल्प उभाच राहात नाही असे नव्हे. आसामात नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना १४ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाल्याचे जाहीर झाले. त्याची पद्धत फिनलंडच्या केम्पोलिस कंपनीची, आणि द्रावक आहे फॉर्मिक आम्ल, मुंगी चावल्यावर आग होते तेच. तेथे नुसते इथेनॉल नाही, फरफ्युरल आणि अॅसेटिक आम्लही विकायचे आहे. हे महत्त्वाचे. जे फरफ्युरल पानिपतच्या वाटेवर यीस्टचे विष म्हणून डोकेदुखी, तेच इथे वेगळे काढले की विकाऊ माल. द्रावकाचा खर्च एकट्या इथेनॉलवर न टाकता तीन-चार मालांवर वाटला तरच हे गणित जमते. नुमालीगडचे दोन-तीन वर्षांचे ताळेबंद बाहेर येतील, तेव्हा ते आपल्या संचालक मंडळाने मुद्दाम मागवून वाचावेत.

पाचट कोणाचे?

मूळ प्रश्नाकडे येऊ. चिपाड आज कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते, त्यावर वीज होते आणि विकली जाते. त्याला हात लावायचा तर ती वीज बुडते. म्हणून नव्या प्रकल्पाची नजर पाचटावर जाणार, आणि पाचट सभासदाचे आहे.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. दहा टन धरले तर त्यात साधारण अर्धा टक्का नत्र म्हणजे ५० किलो, स्फुरद २० किलोच्या आसपास, पालाश ७० ते १०० किलो. नुसत्या नत्राचा विचार केला तरी युरियाच्या ४५ किलोच्या दोन पोत्यांहून जास्त. शिवाय तीन-चार टन सेंद्रिय कर्ब, जो कुठल्याच पोत्यात मिळत नाही. आच्छादनामुळे खोडव्याच्या एक-दोन पाळ्यांचे पाणी वाचते ते वेगळे. आपल्या काळ्या रानातला कर्ब आधीच उतरणीला लागला आहे. पाचट उचलले तर हे सगळे गाडीत भरून गेटाबाहेर जाते. काडी लावली तर पालाश आणि स्फुरद बरेचसे राखेत उरतात, नत्र आणि कर्ब मात्र बहुतेक धुरात जातात.

म्हणून पाचटाचा भाव ठरवताना मजुरी आणि गाडीभाडे एवढेच धरून चालणार नाही. आधी खताची आणि कर्बाची किंमत मांडायची, वर नफा मागायचा. टनाला बारा हजारांच्या मालात द्रावक, एन्झाइम आणि वाफ वजा जाता शेतकऱ्याला काय उरते, हे वरच्या हिशेबावरून ज्याचे त्याने पाहावे. द्रावकाचा तोटा जितका कमी, तितका पाचटाला भाव देण्याची कारखान्याची ऐपत जास्त. प्रयोगशाळेतल्या त्या दशांश चिन्हानंतरच्या आकड्याशी आपल्या बांधावरच्या पाचटाचा असा थेट संबंध आहे.

माझ्या मते ज्या रानात खोडवा ठेवायचा आहे तिथले पाचट कोणत्याही भावाला उचलू नये. जिथे शेवटचा खोडवा तोडून रान नांगरायचे आहे आणि सभासद एरवी काडी लावणारच आहे, तिथले पाचट निम्मे ठेवून निम्मे देण्याचा विचार करता येईल. एकरी चार टनांतले दोन टन, म्हणजे ४०० लिटर. चाळीस टन उसाच्या रसाचे थेट इथेनॉल केले तर टनाला ७० लिटरप्रमाणे २,८०० लिटर होतात. त्यावर ही सातवा हिस्सा भर. थोडी नाही, पण डोळे दिपावेत इतकीही नाही.

देणाऱ्याने एक काळजी घ्यावी. पाचट मातीत लोळवून, रेकने खरवडून गोळा केले की त्यात माती येते. माती म्हणजे वाळू, आणि वाळू पंप, स्क्रू आणि व्हॉल्व झिजवते. ती द्रावकातही साचत जाते. ब्राझीलमध्ये उसाच्या पाचटावर काढलेल्या मोठ्या प्रकल्पांनाही पाचट यंत्रात भरण्याच्या पायरीवर फार त्रास झाला आहे. करार झाला तर ओलावा आणि माती यांची कपात कशी होणार, नमुना कोण काढणार, सभासदापुढे काढणार की मागे, हे लेखी असावे. वजनकाट्यावरचे जुने वाद पाचटाच्या निमित्ताने नव्याने नकोत.

तोपर्यंत या हंगामात तोड झाली की पाचट सरीत दाबावे. बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणकाल्यातून टाकून लगेच पाणी द्यावे.